रिंगमधला डॉक्टर नेमका कोणाचा?

#थ्रेड

१० सप्टेंबर २०१२. कॅनडातील माँट्रियल शहरातून डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण चालू होते. रिंगमध्ये जोड्यांची लढत रंगली होती आणि रिंगलगतच्या मेजावर समालोचक जेरी लॉलर बसला होता. वय ६२. त्याच रात्री तो स्वतः एक लढत खेळून आला होता. बोलता बोलता त्याचा आवाज थांबला आणि तो जागीच कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते.

त्याला उचलून पडद्यामागे नेण्यात आले. कार्यक्रमाबरोबर असलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीवर दाब देत, विजेचे झटके देत त्याचे हृदय पुन्हा सुरू केले. लॉलर वाचला. पण त्या रात्रीचा एक तपशील इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. दुसरा समालोचक मायकेल कोल याला कॅमेऱ्यासमोर येऊन प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले की, हे जे घडले ते कार्यक्रमाचा भाग नाही.

माणूस डोळ्यांदेखत मरणाच्या दारात उभा आहे आणि तरीही ‘हे खरे आहे’ अशी ग्वाही द्यावी लागते, असा व्यवसाय जगात दुसरा सापडणे कठीण. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीमध्ये ओवेन हार्ट छताजवळून दोरीने खाली उतरताना सुमारे २४ मीटरवरून रिंगमध्ये पडला, तेव्हाही समालोचक जिम रॉसला घरी बसलेल्या प्रेक्षकांना हेच सांगावे लागले होते. हार्ट वाचला नाही. कार्यक्रम मात्र पुढे चालू राहिला.

आपल्याकडे आधीच ठरवून खेळलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचे सगळे साम्राज्य उघड उघड नुरा कुस्तीवर उभे आहे. कोण जिंकणार ते ठरलेले, कोणी कधी लंगडायचे तेही ठरलेले. ठरलेली गोष्ट खरी म्हणून निभावून नेण्याच्या या व्रताला त्या धंद्याच्या बोलीत ‘केफेब’ म्हणतात. ठरलेली नसते ती मोडणारी मान, फाटणारा स्नायू आणि मेंदूला बसणारा हादरा. म्हणजे एकाच रिंगमध्ये दोन प्रकारच्या दुखापती नांदतात, एक अभिनयाची आणि एक हाडामांसाची. आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

त्यामुळे एक खूण रूढ झाली. मल्लाला खरोखरच लागले असेल तर पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे एकमेकांवर धरतो. पडद्यामागच्या डॉक्टरला त्याचा अर्थ कळतो: नाटक संपले, धावत ये.

या सगळ्या खेळात खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे असा माणूस एकच, तो म्हणजे डॉक्टर. आजचा थ्रेड त्याच्याविषयी आहे. प्रश्न साधा आहे: हा डॉक्टर कोणाचा माणूस? सरकारचा, कंपनीचा की मल्लाचा? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले आहे आणि त्या बदलाची किंमत माणसांनी मोजली आहे.

प्रश्न तसा फार जुना. इ. स. १५७ मध्ये गॅलेन हा तरुण वैद्य शिक्षण संपवून आपल्या पर्गमम या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बर्गामा येथे, परतला आणि ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. पुढे हाच गॅलेन रोमन सम्राटाचा वैद्य झाला आणि युरोपच्या वैद्यकावर त्याने हजारभर वर्षे राज्य केले. आपल्या कारकिर्दीत आधीच्या वैद्यांच्या तुलनेत फारच थोडे ग्लॅडिएटर दगावले, अशी बढाई त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण त्याला नेमले कोणी? खेळांचे आयोजन करणाऱ्या मुख्य पुरोहिताने. ग्लॅडिएटर पोसणे खर्चाचे काम होते. तो दुरुस्त होऊन पुन्हा आखाड्यात उतरला तरच पैसे वसूल. हे सूत्र ध्यानात ठेवून आता विसाव्या शतकाकडे येऊ.

१९२० साली न्यूयॉर्क राज्यात वॉकर कायदा झाला. मुष्टियुद्ध कायदेशीर करण्यासाठी झालेल्या या कायद्याने एक राज्य क्रीडा आयोग अस्तित्वात आला. त्याला तिकडे ‘ॲथलेटिक कमिशन’ म्हणतात. खेळाडूंना परवाने देणे, तिकिटांच्या उत्पन्नावर कर घेणे आणि लढतीपूर्वी डॉक्टरी तपासणी होते की नाही हे पाहणे ही त्याची कामे. कुस्तीही त्याच्याच कक्षेत आली. हळूहळू इतर राज्यांतही असेच आयोग उभे राहिले. रिंगलगतचा डॉक्टर कुस्तीत आला तो असा, सरकारी परवान्याचा एक भाग म्हणून.

गंमत अशी की व्यावसायिक कुस्ती ठरवून खेळली जाते हे आयोगांना तेव्हाही ठाऊक होते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आयोगाने या लढतींना ‘स्पर्धा’ म्हणण्यास मनाई करून ‘प्रदर्शन’ असे लिहायला लावले. तरीही परवाना, कर आणि डॉक्टर हे तिन्ही कायम राहिले. आयोजकालाही ते सोयीचे होते. मल्लाच्या छातीला नळी लावणारा सरकारी डॉक्टर दिसला की समोरच्या प्रेक्षकाला वाटणार, लढत खरीच असली पाहिजे. डॉक्टरची उपस्थिती हा त्या नाटकातला सर्वांत विश्वासार्ह देखावा होता, असे माझे मत आहे.

मल्लांना त्याचा उपयोग किती झाला? त्या काळातला मोठा मल्ल एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस याचेच उदाहरण घ्या. घामाने भिजलेल्या, कधी धड साफ न होणाऱ्या मॅटवरून मल्लांमध्ये खुपरी या डोळ्यांच्या संसर्गजन्य रोगाचा फैलाव होई. इंग्रजीत यालाच ट्रॅकोमा म्हणतात. लुईसची दृष्टी या रोगाने जवळजवळ पूर्ण गेली. नाडी आणि हृदय तपासून ‘खेळण्यास योग्य’ असा शिक्का मारणाऱ्या व्यवस्थेत मॅट धुण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

आता १९८० च्या दशकात येऊ. दूरचित्रवाणीने कुस्तीचे रूप पालटले होते. व्हिन्स मॅकमहन याची वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन, म्हणजे तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ, गावोगावच्या आयोजकांना गिळत देशभर पसरत होती. पडद्यावर भव्य शरीरे हवी होती. आपल्याकडे नव्वदच्या दशकातील मुलांच्या हातात आलेली ती ट्रम्प कार्डे आठवा. थोरल्या भावंडांच्या खणात अजूनही एखादा गठ्ठा असेल. उंची, वजन, छाती, दंड. ज्याचा आकडा मोठा तो डाव जिंकणार. त्या कार्डांवरचे छाती-दंडाचे आकडे कुठून येत होते, याचा एक माग पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्ग या गावच्या एका दवाखान्यात जाऊन पोहोचतो.

डॉ. जॉर्ज झहोरियन हा मूत्रविकारांचा डॉक्टर. पेन्सिल्व्हेनियाच्या राज्य क्रीडा आयोगाने त्याला रिंगलगतचा डॉक्टर म्हणून नेमले होते. कुस्तीगिरांना तपासणे, योग्य-अयोग्य ठरवणे हे त्याचे सरकारी काम. प्रत्यक्षात तो त्याच कुस्तीगिरांना स्टेरॉइड आणि इतर औषधे विकत होता. कधी कार्यक्रमाच्या ठिकाणी कपडे बदलण्याच्या खोलीत, तर कधी कुरिअरने घरपोच. ज्याने शरीराची राखण करायची तोच त्या शरीराचा पुरवठादार झाला होता.

इथे थोडे थांबायला हवे. ‘सरकारी डॉक्टर चांगला, कंपनीचा डॉक्टर वाईट’ अशी सोपी मांडणी पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. झहोरियन कंपनीचा पगारी नोकर नव्हता. त्याच्या नेमणुकीवर राज्याची मोहोर होती. खोलीत शिरण्याचा हक्क त्याला आयोगाने दिला होता आणि त्या हक्काचाच त्याने बाजार मांडला. त्यामुळे या प्रकरणाने सरकारी देखरेखीची अब्रू गेली ती गेलीच. आणि नेमक्या त्याच सुमारास कंपनीला सरकारी देखरेख नकोशी झाली होती.

१९८९ च्या फेब्रुवारीत शेजारच्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटमध्ये एक विधेयक आले. व्यावसायिक कुस्तीला राज्य क्रीडा आयोगाच्या कक्षेतून बाहेर काढणारे हे विधेयक डब्ल्यूडब्ल्यूएफला हवे होते आणि त्यासाठी तिने एक अशी गोष्ट मान्य केली जी पिढ्यानपिढ्या कोणी उघडपणे बोलत नव्हते: कुस्ती ही खरी स्पर्धा नसून प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी केलेला खेळ आहे. वर्तमानपत्रांनी ‘अखेर कबुली दिली’ म्हणून मजा घेतली. आजही केफेब संपल्याची तारीख म्हणून रसिक हा प्रसंग सांगतात.

हशा झाला पण त्या विधेयकात दुसरे काय होते याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. प्रक्षेपणाच्या हक्कांवरचा कर जाणार होता, परवाने जाणार होते आणि त्यांच्याबरोबर लढतीपूर्वीची सक्तीची डॉक्टरी तपासणीही. तर्क सरळ होता. स्पर्धाच नसेल तर खेळाडू कुठले, आणि खेळाडू नसतील तर त्यांना तपासायचे कशाला? निकाल ठरलेला आहे एवढे कबूल करताच मानेवर पडणारे वजनही जणू लटके ठरले. पेन्सिल्व्हेनियानेही त्याच वर्षी कुस्तीवरचे नियंत्रण सैल केले. माझ्या मते १९८९ चा खरा अर्थ इथे आहे. रहस्य फुटले हा त्याचा वरवरचा भाग.

झहोरियनचे पुढे काय झाले? १९८८ च्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय कारणाशिवाय स्टेरॉइड पुरवणे गुन्हा ठरले होते. तपास सुरू झाला. १ डिसेंबर १९८९ रोजी लिंडा मॅकमहन यांनी पॅट पॅटरसन या अधिकाऱ्याला एक अंतर्गत टिपण पाठवले. आशय असा की, या डॉक्टरमागे सरकारी चौकशी लागण्याची शक्यता आहे, तेव्हा त्याला आता आपल्या कार्यक्रमांना येऊ नकोस असे कळवावे. जून १९९१ मध्ये हॅरिसबर्गच्या न्यायालयात खटला उभा राहिला. रॉडी पायपरसारख्या नामांकित कुस्तीगिरांनी साक्षी दिल्या. डॉक्टर दोषी ठरला, त्याला तीन वर्षांची कैद झाली. नव्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी तो एक.

मग सरकारने खुद्द व्हिन्स मॅकमहनवर आरोपपत्र ठेवले. जुलै १९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर खटला चालला. तुरुंगवासाची शिक्षा झालेला झहोरियन आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होता. हल्क होगननेही साक्ष दिली आणि १९७६ पासून स्टेरॉइड घेत असल्याचे सांगितले. तीनच वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्याने दुखापतीच्या उपचारापलीकडे ती घेतलीच नाहीत असे सांगितले होते. २२ जुलैला ज्यूरीने मॅकमहनला निर्दोष ठरवले. कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःहून स्टेरॉइड चाचण्या सुरू केल्या होत्या. त्या १९९६ मध्ये बंद झाल्या.

आता आयोगाचा हात बराच सुटला होता, खटला संपला होता आणि चाचण्याही थांबल्या होत्या. यापुढची दहा वर्षे कुस्तीच्या चाहत्यांना ‘सुवर्णकाळ’ म्हणून आठवतात. डोक्यावर सरळ लोखंडी खुर्च्या हाणण्याचा तो काळ. कुस्तीगीर कागदोपत्री कंपनीचे नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च कंपनी करी, पण विमा आणि बाकीचा सगळा भार ज्याचा त्याच्यावर. घरी बसलो तर आपली जागा दुसरा घेईल, ही भीती कोणत्याही औषधाहून प्रभावी होती.

ख्रिस्तोफर नोविन्स्की याची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर, डब्ल्यूडब्ल्यूईत ‘ख्रिस हार्वर्ड’ या नावाने खेळणारा. २००३ मध्ये डोक्याला लाथ लागून त्याच्या मेंदूला हादरा बसला. पुढचे काही आठवडे तो लक्षणे लपवून खेळत राहिला. डोकेदुखी थांबेना तेव्हा त्याने डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घातले. प्रत्येक जण विचारी, आजवर मेंदूला किती हादरे बसले? तो प्रामाणिकपणे सांगे, एकही नाही. शेवटी डॉ. रॉबर्ट कँटू यांनी प्रश्न बदलला. डोक्याला मार लागल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, क्षणभर काही सुचेनासे झाले, असे किती वेळा घडले? मग आठवणींची रांग लागली. हार्वर्डमध्ये शिकलेल्या माणसालाही आपल्याला काय झाले आहे त्याचे नाव माहीत नव्हते. कारकीर्द तिथेच संपली. पुढे या दोघांनी मिळून मेंदूच्या दुखापतींवर काम करणारी संस्था काढली.

१३ नोव्हेंबर २००५ रोजी एडी गरेरो मिनियापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ३८, कारण हृदयविकार. त्यानंतर तीन महिन्यांत डब्ल्यूडब्ल्यूईने आरोग्य कार्यक्रम जाहीर केला. औषध चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, हृदयाची तपासणीही आली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे नंतर आलेल्या माहितीनुसार, पूर्वसूचना देऊनही पहिल्या फेरीत सुमारे ४० टक्के कुस्तीगीर चाचणीत अडकले होते.

आणि तरीही जून २००७ उजाडला. ख्रिस बेन्वा याने पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेऊन स्वतःला संपवले. या घटनेचे तपशील इथे उगाळणार नाही. इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवतो. एक, त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवार बसलेल्या माराने होणाऱ्या सीटीई या विकाराच्या व्यापक खुणा सापडल्या. दोन, त्याला औषधे लिहून देणारा जॉर्जियातील खासगी डॉक्टर फिल ॲस्टिन याला बेसुमार औषधे लिहून दिल्याबद्दल २००९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे आयोगाचा डॉक्टर तुरुंगात जाऊन झाला होता, आता कुस्तीगिराने स्वतः निवडलेला डॉक्टरही गेला. मल्लाने निवडला म्हणून तो मल्लाच्या हिताचा ठरला नाही.

२००८ मध्ये मेंदूशल्यविशारद जोसेफ मरून कंपनीचे वैद्यकीय संचालक झाले. २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारण्यावर बंदी आली. त्याआधीची तीन दशके लक्षात घेता ही सुधारणा खरी होती, हे मान्य करायला हवे. माँट्रियलमध्ये लॉलर वाचला तो याच नव्या व्यवस्थेत, कंपनीने बरोबर आणलेल्या डॉक्टरमुळे.

पण कंपनीचा डॉक्टर म्हटला की वेगळा पेच उभा राहतो. जानेवारी २०१४ मध्ये सीएम पंक हा आघाडीचा कुस्तीगीर कंपनी सोडून गेला. नोव्हेंबरमध्ये कोल्ट कबाना या मित्राच्या पॉडकास्टवर त्याने आरोप केला की, पाठीवरच्या गाठीकडे आणि गंभीर जंतुसंसर्गाकडे कंपनीच्या डॉक्टरांनी दुर्लक्ष केले. डॉ. क्रिस अमान यांनी आरोप साफ नाकारले आणि दोघांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. जून २०१८ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने पंक आणि कबाना यांच्या बाजूने निकाल दिला. उपचार कसे होते यावर तो निकाल नव्हता. बोलणे बदनामीकारक होते का, एवढाच प्रश्न ज्यूरीपुढे होता. तरी त्या खटल्याने एक गोष्ट खुल्या न्यायालयात आणली. रुग्ण, डॉक्टर आणि दोघांनाही पैसे देणारा मालक अशा तिघांची ती खोली असते आणि तिसरा दिसत नसला तरी हजर असतो.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आयोग मागे सरकले. मेक्सिकोत मात्र ‘लुचा लिब्रे’ या तिथल्या कुस्तीवर मुष्टियुद्धाबरोबरच स्थानिक आयोगांची देखरेख आजही आहे. परवाना आहे, नेमलेला डॉक्टर आहे. म्हणून शेवटी तिकडची एक रात्र पाहायला हवी.

२० मार्च २०१५, तिहुआना. पेरो अग्वायो धाकटा विरुद्ध रे मिस्टीरियो अशी जोड्यांची लढत. एका लाथेनंतर अग्वायो दोरांवर ओणवा पडला. पुढच्या डावासाठी त्याने असेच पडणे अपेक्षित होते, त्यामुळे कोणालाच काही वेगळे वाटले नाही. साथीदाराने त्याला हलवून पाहिले. लढत आणखी काही वेळ चालू राहिली. त्याच्या मानेचा कणा निकामी झाला होता.

डॉक्टर त्या ठिकाणी होता. पण तो आत, आधीच्या लढतींत जखमी झालेल्या कुस्तीगिरांना पाहत होता आणि त्याला बाहेर यायला वेळ लागला. स्ट्रेचर मिळाले नाही. अग्वायोला प्लायवुडच्या फळीवर घालून बाहेर नेण्यात आले. वय ३५. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले, तोवर २१ तारीख लागली होती.